किंग्स्टनच्या रस्त्यावर आठ रात्री

रविवार, १७ फेब्रुवारी २०१९

सकाळी टोरंटोत बर्फ तुडवत विमानतळ गाठला होता आणि दुपारी जमैकात, किंग्स्टनच्या नॉर्मन मॅनली विमानतळाबाहेर पडलो तर डोळे दिपवणारं ऊन. हा विमानतळ समुद्रात शिरलेल्या वाळूच्या एका अरुंद पट्टीवर आहे. शहराकडे येताना एका हाताला उघडा कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या हाताला बंदराचं संथ पाणी आणि समोर ब्लू माउंटन्सची रांग. टॅक्सीवाल्या काकांनी विचारलं, "बीचवर जाणार ना?" माझा धाकटा दीर म्हणाला, "नाही, नाचायला आलोय." काकांनी आरशातून आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि रेडिओ मोठा केला.

खरंच नाचायला आलो होतो. मी नाशिकला नाचाचे वर्ग घेते. गेली चार वर्षं त्यात डान्सहॉल हा जमैकाचा नाचही शिकवते, आणि तो मी शिकले ती मोबाइलच्या पडद्यावर बघून. आमच्या वर्गातला मुलांचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे 'विली बाउन्स'. गुडघे सैल, पावलं फाकलेली, वजन या पायावरून त्या पायावर, आणि त्या हेलकाव्यावर खांदे आणि हात सोडून द्यायचे. मागच्या दिवाळीत एका दहा वर्षांच्या मुलीनं सहज विचारलं, "मॅडम, विली कोण होता?" मला सांगता आलं नाही. शे-दीडशे मुलांना जे पाऊल शिकवलं, ते कुणाच्या नावाचं, कुणी रचलं, मला ठाऊकच नव्हतं. रात्री झोप लागली नाही. दीर टोरंटोत राहतो, त्याच्या कामावर निम्मे सहकारी जमैकाचे. फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "वहिनी, एकदा जाऊनच येऊ."

हाफ वे ट्रीजवळ एका बाईंच्या घरात दोन खोल्या घेतल्या आहेत. बाई साठीच्या, निवृत्त परिचारिका. नाशिकच्या आणि इथल्या वेळेत साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे संध्याकाळी सातलाच डोळे मिटले.

सोमवार, १८ फेब्रुवारी

दिवसा डाउनटाउनला ऑरेंज स्ट्रीटवर हिंडलो. एकेकाळी हा रस्ता तबकड्यांच्या दुकानांनी भरलेला होता. आता मोजकी उरली आहेत. रॉकर्स इंटरनॅशनलमध्ये भिंतभर रेकॉर्डी बघत तासभर गेला.

डान्सहॉल हे नाव जागेवरून पडलं. नाचाचे हॉल आणि उघडी 'लॉन' असत, तिथे जे वाजे ते डान्सहॉल. दुसऱ्या महायुद्धानंतर गरीब वस्तीला वाद्यवृंद परवडत नसे, तेव्हा दुकानदार मंडळींनी ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर रस्त्यावर मांडले. टॉम वाँग हा चिनी वंशाचा हार्डवेअरवाला 'टॉम द ग्रेट सेबास्टियन' या नावानं साउंड सिस्टीम चालवी. ड्यूक रीड आधी पोलिसात होता, मग त्यानं दारूचं दुकान काढलं आणि साउंडही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी रेगे या इथल्या संगीताचा वेग आणि बाज बदलला, नुसत्या तालाच्या रेकॉर्डवर माइक धरून बोल फेकणारे पुढे आले, आणि त्या संगीताला जागेचंच नाव चिकटलं.

आपल्याकडे गाणी लावतो तो डीजे. इथे गाणी लावणारा तो सेलेक्टर, आणि तालावर शब्द फेकणारा तो डीजे. तालाच्या तयार चौकटीला म्हणतात 'रिडिम'. एकाच रिडिमवर वीस-वीस जण आपापली गाणी बांधतात. एका चालीवर प्रत्येक शाहिरानं आपलं कवन म्हणावं तसंच. दोन साउंड समोरासमोर उभे राहिले की तो 'क्लॅश'. कलगी-तुऱ्याचा सामना ऐकत वाढलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

रात्री 'अपटाउन मंडेज', सोमवारची उघड्यावरची नाचाची पार्टी. कॉन्स्टंट स्प्रिंग रोडवरच्या सवाना प्लाझा नावाच्या व्यापारी संकुलाचं आवार. दिवसा इथे गाड्या लागतात. अकराला पोचलो तर आवार जवळजवळ रिकामं. स्पीकरच्या दोन भिंती, मध्ये मोकळं डांबर, कडेला तेलाचं पिंप उभं चिरून केलेल्या भट्टीवर कोंबडी भाजणारा एक माणूस. मला वाटलं आज काही होत नाही. दीर म्हणाला, "थांबा, वहिनी. ही रात्र हळूहळू शिजते."

तसंच झालं. आधी जुनं, संथ रेगे. लोक येतात, भिंतीला टेकतात, कुणी नाचत नाही, फक्त मान हलते. मग चार-पाच जणांचे गट येऊ लागतात. प्रत्येक गटाचे कपडे एकाच रंगाचे, बूट इतके पांढरे की डांबरावर चमकावेत. हे नाचणाऱ्यांचे 'क्रू'. साडेबाराच्या सुमारास सेलेक्टरनं माइकवरून एका क्रूचं नाव घेतलं आणि जणू कुणी दोरी ओढली. आठ जण एका ओळीत, एकच पाऊल, एकाच श्वासात. त्यांचं संपायच्या आत दुसरा क्रू समोरून, त्याला उत्तर देणारा. सुरुवातीचा तासभर पुरुषांचा. बायका तोवर कडेला उभ्या, नटूनथटून, हातात पेला. त्यांची वेळ नंतर येते आणि त्यांना ते पक्कं माहीत असतं.

मग व्हिडिओवाला आला. खांद्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यावर झगझगीत दिवा. त्या दिव्याला 'व्हिडिओ लाइट' म्हणतात. तो जिकडे वळेल तिकडे गर्दी उघडते, मध्ये एक बाई येते आणि त्या उजेडाच्या गोलात आपलं सगळं मांडते. निळ्या केसांची, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई माझ्या अगदी पुढ्यात नाचली. कंबर इतकी सावकाश फिरत होती की प्रत्येक चतुर्थांश वळसा वेगळा दिसावा. खांदे स्थिर, मान स्थिर, नजर थेट कॅमेऱ्यात. मग ताल दुप्पट झाला आणि तीच कंबर त्या दुपटीत गेली, वरचं शरीर मात्र जिथल्या तिथे. चेहऱ्यावर कसलीही विनवणी नव्हती. हा उजेड माझा आहे, एवढंच होतं. बैठकीची लावणी करणाऱ्या जुन्या कलावंतिणीच्या नजरेत मी ही हुकमत पाहिली आहे. तिथेही बघणाऱ्याला वाटतं आपण बघतोय, आणि खरं तर तीच आपल्याला जोखत असते.

दीडच्या सुमारास टाळ्यांचा एक ताल सुरू झाला. दीरानं माझा दंड धरला. 'दिवाली' रिडिम! स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेननं बांधलेला हा रिडिम. शॉन पॉलचं 'गेट बिझी' याच तालावरचं, २००३ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. कॉलेजात असताना त्या टाळ्यांवर मी नाचले होते, तेव्हा या तालाला आपल्या सणाचं नाव आहे हे माहीत नव्हतं. शेजारच्या बाईला सांगितलं, "हे नाव आमच्या सणाचं." ती म्हणाली, "मग उभी का? नाच की!"

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आज शिवजयंती. डोळे उघडले तेव्हा फोनवर नाशिकच्या मिरवणुकीतला ढोल वाजत होता आणि कानात काल रात्रीची शीळ अजून चालूच होती. काल स्पीकरच्या दोन हातांवर उभी राहिले, ती चूक. घरच्या बाईंनी तपासलं, रागावल्या आणि कानात घालायचे फोमचे बोळे दिले. "आवाज पोटानं ऐक, कानानं नाही," म्हणाल्या. इथे जाणाऱ्यानं हे बोळे नक्की न्यावेत.

दुपारी शिकवणी. शिकवणारा तिशीतला, एका क्रूमधला. घराच्या मागच्या अंगणात आंब्याच्या झाडाखाली काँक्रीटचा चौथरा, तीच तालीम. त्यानं मला विली बाउन्स करायला सांगितलं. मी केला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "पावलं बरोबर. पण तू वरून खाली नाचतेस. ठोका जमिनीतून घे." माझ्या टाचेखाली त्यानं आपला तळहात ठेवला. "टाच माझ्या हातावर दाब. आता सोड. गुडघा आपोआप उठतो का? तोच बाउन्स. खांद्याला काही सांगू नकोस, त्याला बातमी पोचते." पंधरा मिनिटं फक्त टाच. सोळाव्या मिनिटाला खांदा खरंच आपसूक हलला, आणि चार वर्षं मी जे शिकवत होते त्यातलं काय निसटलं होतं ते कळलं.

मग मी तो प्रश्न विचारला. विली कोण?

तो चौथऱ्यावर बसला. हे पाऊल रचलं जेराल्ड लेव्हीनं. जग त्याला 'बोगल' म्हणून ओळखतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'बोगल' याच नावाचा त्याचा नाच सगळ्या बेटावर पसरला. पाठीचा कणा लाटेसारखा मागे-पुढे आणि हात हवेत तरंगणारे. बुजू बँटननं त्यावर गाणं केलं. 'लॉग ऑन'सारखे कितीतरी नाच त्याच्या नावावर सांगितले जातात. लिंकन अव्हेन्यूवरच्या 'ब्लॅक रोझेस' क्रूमध्ये त्याचा मित्र होता विली हॅगर्ट. २००१ मध्ये विलीला गोळ्या घालून मारलं. बोगलनं मित्राच्या नावानं पाऊल रचलं. २० जानेवारी २००५ ला कॉन्स्टंट स्प्रिंग रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर बोगललाही गोळ्या घातल्या. चाळीस वर्षांचा होता.

म्हणजे आमच्या वर्गातली चिमुरडी पोरं जे उड्या मारत करतात, ते एका मित्राचं स्मरण आहे. माझ्या घशाशी आलं. तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडे मेलेल्यासाठी नाचायची जुनी रीत आहे." माणूस गेला की नवव्या रात्रीपर्यंत शेजारीपाजारी जमतात, 'नाइन नाइट' म्हणतात. सेंट मेरी भागात त्या रात्रींमध्ये 'दिंकी मिनी' नाचतात, घरच्यांचं दुःख हलकं व्हावं म्हणून. त्यात गुडघे सैल आणि कंबर फिरती. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांकडून आलेलं हे अंग. व्हिडिओ लाइटमधली कंबर आणि शोकघराच्या अंगणातली कंबर एकाच घरच्या आहेत, हे मला आज समजलं.

संध्याकाळी पौर्णिमेचा मोठा चंद्र डोंगरावर आला. आज कुठे गेले नाही. अंगणात टाच दाबत बसले.

बुधवार, २० फेब्रुवारी

आजची रात्र नीट लिहायला हवी.

बर्लिंग्टन अव्हेन्यूवर स्टोन लव्ह या साउंडचं मुख्यालय आहे. विन्स्टन पॉवेल, ज्यांना सगळे वी पाव म्हणतात, त्यांनी १९७२ मध्ये हा साउंड सुरू केला. दर बुधवारी तिथल्या आवारात 'वेडी वेडी' ही पार्टी. जाताना टॅक्सीवाले काका (रविवारचेच, आता आमचे झालेले) कॉन्स्टंट स्प्रिंग रोडनं मुद्दाम फिरून गेले. एका ठिकाणी त्यांनी गाडी हळू केली, रेडिओ बंद केला. काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. मग रेडिओ परत लागला. पुढे त्यांनी पासा पासाच्या गोष्टी सांगितल्या. २००३ पासून टिव्होली गार्डन्स या वस्तीत बुधवारच्या रात्री रस्त्यावर भरणारी ती पार्टी. डोंगरावरच्या बंगल्यातली मंडळी, परदेशी, वस्तीतली पोरं, सगळे उजाडेपर्यंत एकत्र. २०१० मध्ये तिथे लष्कर आणि पोलिसांची मोठी कारवाई झाली, खूप माणसं मेली, आणि ते बुधवार संपले. काका म्हणाले, "तेव्हा मी पहाटे पाचला तिथून भाडी उचलायचो. माणसं घामानं चिंब आणि तोंडावर हसू."

स्टोन लव्हच्या आवारात शिरल्यावर पहिलं काय कळलं, तर आवाजाला जाडी असते. बेसचे खोके खाली, मधले सूर वर, आणि सगळ्यात वर झांजेसारखे बारीक आवाज. खालचे सूर कानाला टोचत नाहीत, ते बरगड्यांवर टेकतात. बिअरची बाटली हातात धरली तर काच थरथरते. कानात बोळे होते, तरी पोटात सगळं ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या ते खरं.

सुरुवातीला अमेरिकन सोल. जोडपी गळ्यात गळा घालून डुलताहेत. मग जुनं रेगे, मग नव्वदचं डान्सहॉल, आणि मग आजचं. सेलेक्टर एक अख्खं गाणं कधी वाजवतच नाही. पंधरा सेकंद, वीस सेकंद, की दुसरं. चांगलं गाणं लागलं आणि लोकांनी हात वर केले, पत्रा बडवला, शिट्ट्या मारल्या, की तो रेकॉर्ड उलटी फिरवतो आणि गाणं पहिल्यापासून लावतो. याला 'पुल अप' म्हणतात. आपल्या संगीत नाटकातला 'वन्स मोअर'! फरक एवढाच की इथे वन्स मोअर पदाच्या शेवटी मागत नाहीत, पहिली ओळ कानावर पडताच मागतात. पुरं ऐकून तृप्त होणं कुणाला नको असतं. भूक वाढवत न्यायची. एका गाण्याला चार वेळा मागे ओढलं, आणि पाचव्यांदा जेव्हा ते सोडलं तेव्हा आवारातल्या शेकडो माणसांचे गुडघे एकाच क्षणी वाकलेले मी पाहिले.

लोक याला ऊर्जा म्हणतात. मी आजवर समजत होते की ती नाचणाऱ्याच्या अंगात असते. इथे ती साठवली जाते. सेलेक्टर देतो, थांबतो, काढून घेतो, गर्दी मागते, क्रू ती उचलतात, बायकांकडे सोपवतात, कोंबडीवाला भट्टीवर चिमटा वाजवून ठेका धरतो, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढून परत येते. कुणा एकाची नसते म्हणून थकत नाही. ढोल-ताशाच्या पथकात ताशेवाला तर्री ओढून धरतो आणि शंभर ढोल त्या एका टिपरीसाठी हात उचलून थांबतात, तेव्हा छातीत जे होतं, ते इथे तीन तास होत होतं.

एकच्या पुढे सेलेक्टरनं संगीत पूर्ण बंद केलं. माइकवर फक्त एक शब्द, "बोगल!" आणि गर्दीतून जे उठलं त्याला आरोळी म्हणणं पुरेसं नाही. विली बाउन्सचं गाणं लागलं. क्रूची पोरं, निळ्या केसांची ती सोमवारची बाई, सुटाबुटातले एक आजोबा, सूप विकणारी बाई हातातला डाव तसाच धरून, सगळे एका बाजूला, सगळे दुसऱ्या बाजूला. मीही. टाच दाबली आणि सोडली. माझ्या डावीकडच्या अनोळखी माणसाचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, दर ठोक्याला, त्याच जागी. चौदा वर्षांपूर्वी गेलेला माणूस त्या आवारातल्या प्रत्येक गुडघ्यात होता. मी रडत होते आणि नाचत होते, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोनच्या थोडं पुढे पोलिसांची जीप फाटकाशी आली, संगीत थांबलं. १९९७ च्या आवाजबंदीच्या कायद्यानं आठवड्याच्या दिवशी मध्यरात्रीनंतर आणि शुक्रवार-शनिवारी रात्री दोननंतर आवाज बंद हवा. प्रत्यक्षात थोडी ढील मिळते, पण किती मिळेल ते त्या रात्रीवर. आमच्याकडे रात्री दहाची वेळ, त्यामुळे शेजाऱ्यांच्या झोपेची बाजू मला कळते. पण या रात्रीवर कोंबडीवाला, सूपवाली, शिंपी, केशभूषा करणाऱ्या बाया, टॅक्सीवाले, इतक्यांची चूल पेटते, हेही आता कळतं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

पाय सुजले. उजव्या बुटाचा तळ सुटला. डेव्हन हाउसला जाऊन आइस्क्रीम खाल्लं, एवढंच फिरणं.

संध्याकाळी शिकवणारा घरी आला, बाईंनी त्याला जेवायला थांबवलं. अकी नावाचं इथलं फळ आणि खारा मासा, सोबत तळलेली केळी. बोलता बोलता पैशांवर गाडी आली. तो म्हणाला, नाच आधी येतो, गाणं मागून. रस्त्यावर एखादं पाऊल चाललं की गायक त्यावर गाणं करतो. एलिफंट मॅनचं २००३ चं गाजलेलं 'पॉन डी रिव्हर' तसंच. गाणं परदेशी विकलं जातं, गायकाला त्याचे पैसे येत राहतात. पाऊल रचणाऱ्याला गाण्यात नाव मिळालं तर मिळालं. युसेन बोल्टनं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकून 'गली क्रीपर' केला, अख्ख्या जगानं पाहिला. तो नाच डेव्हिड 'आइस' स्मिथ या तरुणाचा. तोही पुढे मारला गेला. बोल्टचं नाव नाशिकच्या पोरांना पाठ आहे, आइसचं मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मीही तुमची पावलं शिकवून फी घेते." हे बोलायला जड गेलं, पण बोलायला हवंच होतं. तो म्हणाला, "शिकव. पण नाव घे. आणि इथे येऊन शिक, शिकणाऱ्यांना पाठव." जपानचं उदाहरण दिलं त्यानं. जुंको कुडो ही जपानी मुलगी इथे येऊन शिकली आणि २००२ मध्ये डान्सहॉल क्वीनची स्पर्धा जिंकली, जमैकाबाहेरची पहिली. हा 'क्वीन'चा मान पहिल्यांदा मिळवला कार्लीन स्मिथनं, १९९२ मध्ये. बाई मध्येच म्हणाल्या, "कार्लीनला तेव्हा काय काय बोलले लोक! निर्लज्ज म्हणाले. आणि त्याच बायका घरात दार लावून तिचा नाच करून बघायच्या." मला आपला तमाशा आठवला. कंबर हलली की आधी नाव ठेवायचं आणि मग चोरून बघायचं, ही सवय दोन्हीकडे सारखीच.

रात्री नवीन वही काढली. डाव्या बाजूला पावलाचं नाव, उजव्या बाजूला रचणाऱ्याचं. बरीच उजवी बाजू कोरी राहिली. शिकवणारा आणि मी बारापर्यंत त्यातली जमेल तेवढी भरत बसलो.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

ओल्ड हार्बर बे. किंग्स्टनच्या पश्चिमेला कोळ्यांचं गाव. १० मे १८४५ ला एक जहाज इथे लागलं आणि त्यातून अडीचशेवर हिंदुस्थानी मजूर उतरले, उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले. पुढच्या सत्तर वर्षांत आणखी हजारो आले, बहुतेक उत्तरेकडचे. गांजा, चिलीम हे शब्द आणि बकऱ्याची करी त्यांच्याबरोबर आली. आज डान्सहॉलच्या रात्री करी बकऱ्याशिवाय पंगत नाही.

किनाऱ्यावर तळलेला मासा आणि बामी खाल्ली. बामी म्हणजे कसाव्याची जाड भाकरी. मासा तळणाऱ्या बाईंच्या पणजोबांचे वडील त्या जहाजांपैकी एकावरून आले, असं त्या म्हणाल्या. त्यांना हिंदी येत नाही, मला त्यांचं पात्वा अर्धंच कळतं. त्यांचं नाक आणि माझ्या मावशीचं नाक एक होतं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

मुद्दाम या तारखेपर्यंत थांबलो होतो. २३ फेब्रुवारी १९८५ ला वॉल्थम पार्क रोडवर किंग जॅमीज आणि ब्लॅक स्कॉर्पिओ या दोन साउंडचा क्लॅश झाला, आणि जॅमीनं 'स्लेंग टेंग' हा रिडिम बाहेर काढला. गायक वेन स्मिथ. ताल कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डात कंपनीनंच भरून दिलेला होता, फक्त वेग कमी केला. त्या रात्रीनंतर वादक न बोलावता यंत्रावर रिडिम करता येतात हे सगळ्यांना कळलं. स्टुडिओत जायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा पोरांना दार उघडलं. आणि ज्यांच्या हातात बेस गिटार होती त्यांची कामं गेली, हेही तितकंच खरं.

टॅक्सीवाले काका त्या रात्री तिथे नव्हते, पण भाऊ होता म्हणाले. वॉल्थम पार्क रोडवरून जाताना त्यांनी तो बेस तोंडानं वाजवून दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा आम्ही टाळ्या धरल्या.

रविवार, २४ फेब्रुवारी

उद्या निघायचं. शेवटची रात्र रे टाउनला.

हे समुद्राकाठचं जुनं कोळीवाड्यासारखं ठिकाण, शेजारी तुरुंगाची उंच भिंत. दर रविवारी रस्त्यावरच जुनी गाणी लागतात. स्का, रॉकस्टेडी, सावकाश रेगे. इथे क्रू नाहीत, व्हिडिओ लाइट नाही. इस्त्रीच्या पँटी, टोप्या, चकचकीत बूट, साठी-सत्तरीची माणसं. शेंगदाणेवाल्याची गाडी वाफेची शिट्टी वाजवत फिरते. समुद्राकडून वारा येतो आणि आठवडाभरात पहिल्यांदा मला घाम आला नाही.

तपकिरी हॅट घातलेले एक आजोबा एकटेच नाचत होते. उजवा हात पुढे वाकवलेला, जणू कुणाच्या पाठीवर ठेवलाय. तीन पावलं सरळ, मग छोटा थांबा, आणि थांब्यातून डावीकडे अर्धी गिरकी. तो थांबा इतका बरोबर जागी होता की मी दोन गाणी तेवढंच बघत राहिले. शेवटी जवळ जाऊन विचारलं, "आजोबा, हे पाऊल कुणाचं?"

"माझ्या बायकोचं," ते म्हणाले. "तिचा गुडघा दुखायचा, म्हणून ती तिथे थांबायची. मग मीही थांबायला लागलो. सहा वर्षं झाली तिला जाऊन."

मी पिशवीतून वही काढली. त्यांना ती कशासाठी हे सांगितलं. त्यांनी हॅट काढून काखेत धरली आणि बायकोचं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. मी इंग्रजीत कसं लिहिते ते वाकून पाहिलं, एक अक्षर चुकलं होतं ते बोट ठेवून दुरुस्त करवून घेतलं. डाव्या रकान्यात काय लिहू, विचारलं. पावलाला नाव नव्हतं. ते म्हणाले, तिचंच लिही दोन्हीकडे.

गाणं बदललं. त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली आणि हात पुढे केला.

"डावा पाय आधी," म्हणाले.